ग्वाल्हेरची वनमाला

शिंद्यांच्या ग्वाल्हेरने महाराष्ट्राला काय दिले, असा विषय निघाला की मराठी माणसाच्या तोंडी पहिले नाव येते ते गाण्याचे. हद्दूखाँ-हस्सूखाँची गायकी बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी दक्षिणेत आणली नसती, तर मराठी मैफलीचे रूप काय राहिले असते याची कल्पनाच करवत नाही. दुसरे नाव राजकवी भा. रा. तांबे यांचे. तिसरे नाव घेताना मात्र लोक थोडे अडखळतात. कारण ते एका चित्रपटनटीचे आहे. आजच्या अग्रलेखाचा विषय तीच नटी आहे. वनमाला हे तिचे पडद्यावरचे नाव. घरचे नाव सुशीला पवार.

वनमालाबाईंचा जन्म 1915 साली उज्जैन येथे झाला. वडील कर्नल बापूराव पवार हे माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीतील वजनदार अधिकारी. रावबहादुर, दरबारात मानाची जागा, घरात नोकरचाकर, आणि मराठा सरदार घराण्यांत चालत आलेली अदब व पडदा. मुलींनी शिकावे, परंतु शिकून घराच्या मानमर्यादेला शोभेल असेच वागावे, ही त्या काळच्या सुधारलेल्या दरबारी कुटुंबांची धारणा होती. ग्वाल्हेरला सरदारांच्या मुलींसाठी वेगळी शाळाच होती. पुढे तिचेच सिंदिया कन्या विद्यालय झाले. सुशीलाबाई तेथे शिकल्या आणि 1935 च्या सुमारास पदवीधर झाल्या. त्या काळी मराठी मुलखातही पदवीधर स्त्रिया सहज मोजता येत. सरदारकन्येने पदवी घेणे हे तर अप्रूपच होते.

ग्वाल्हेर दरबाराला कलेचे वावडे होते असे मात्र कोणी समजू नये. स्थिती उलटच होती. 1918 साली पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय सुरू झाले ते याच दरबाराच्या आश्रयाने. उस्तादांना इतमाम होता, पंडितांना वर्षासने होती. कलेचा आदर होता, कलावंताचाही होता. फक्त तो कलावंत आपल्या घरचा, आणि त्यातही आपल्या घरची मुलगी, असू नये एवढीच अट होती. ही अट कोठे लिहिलेली नव्हती. पण ग्वाल्हेरपासून गोव्यापर्यंत ती सर्वांना ठाऊक होती.

या अटीचा जाच मराठी चित्रसृष्टीला जन्मापासून झाला. 1913 साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवून त्यांनी काम भागविले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पार्वती आणि मोहिनी म्हणून उभ्या राहिल्या, पण रंगभूमीवर पोट भरणाऱ्या स्त्रियांनी जोखीम पत्करणे निराळे आणि प्रतिष्ठित घरातील मुलीने पत्करणे निराळे. मूकपटाच्या अखेरच्या दिवसांत, 1931 साली, दुर्गा खोटे यांनी ‘फरेबी जाल’मध्ये लहानशी भूमिका केली तेव्हा मुंबईच्या पांढरपेशा वर्गात केवढा गहजब झाला! दुर्गाबाई सॉलिसिटरच्या कन्या, झेवियर कॉलेजात शिकलेल्या. त्यांच्यावर पतीच्या घरच्या आर्थिक संकटामुळे ही वेळ आली होती, म्हणून पुढे लोकांनी त्यांना समजून घेतले. गरज असली की समाज क्षमा करतो. वनमालाबाईंच्या बाबतीत मात्र गरजेची ही सबब नव्हती. त्या केवळ आपल्या इच्छेने गेल्या, आणि समाजाला खुपले ते नेमके हेच.

शिक्षण संपल्यावर त्या पुण्यास आल्या आणि आगरकर हायस्कुलात शिक्षिका झाल्या. ही शाळा आचार्य अत्रे यांच्या गोतावळ्यातली. त्या वेळच्या पुण्यात नाटक, चित्रपट, वृत्तपत्र आणि शाळामास्तरकी यांच्यामधल्या भिंती फार उंच नव्हत्या; खुद्द अत्रे एकाच वेळी या चारही अंगणांत वावरत होते. उंच बांधा, घारे डोळे, खानदानी बोलणे आणि हिंदी-मराठी दोन्ही भाषांवर प्रभुत्व असलेली ही शिक्षिका चित्रपटवाल्यांच्या नजरेतून सुटणे शक्य नव्हते. 1940 साली नवयुगच्या ‘लपंडाव’मध्ये त्या पडद्यावर आल्या. कथा अत्र्यांची, दिग्दर्शन के. नारायण काळे यांचे. सुशीलेची वनमाला झाली ती येथे.

दुसऱ्याच वर्षी सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’ने त्यांना हिंदुस्थानभर नेले. पृथ्वीराज कपूर सिकंदर, स्वतः मोदी पोरस, आणि वनमाला इराणी रुखसाना. सिकंदराच्या प्राणाची भीक मागण्यासाठी पोरसाच्या हाती राखी बांधणारी. महायुद्ध सुरू असताना, परक्या विजेत्याला तोंड देणाऱ्या राजाचा हा बोलपट काही लष्करी छावण्यांत दाखविण्यास सरकारने बंदी घातली, यातच त्याचा जनमानसावर झालेला परिणाम कळून येतो. पृथ्वीराज आणि मोदी या दोघा गर्जणाऱ्या नटांच्या मध्ये उभे राहून प्रेक्षकाचे लक्ष आपल्याकडे ओढून घेणे सोपे नव्हते. वनमालाबाईंनी ते साधले ते डौलाने, आरडाओरड न करता. दरबारी घरात वाढल्याचा फायदा तेथे झाला असे आमचे मत आहे. राणीचा आब त्यांना अभिनयातून आणावा लागला नाही.

आणि ज्या घराने हा आब दिला, त्याच घराचे दार त्यांना बंद झाले. कर्नल पवारांचा रोष मोठा होता. मुलगी गावोगावच्या थिएटरांत चार आण्यांच्या तिकिटावर पाहिली जाते, हे त्या लष्करी पित्याला सोसवले नाही. वडिलांना आम्ही खलनायक ठरविणार नाही. ते आपल्या काळाचे आणि आपल्या वर्तुळाचे होते, आणि त्या वर्तुळात त्यांना रोज मान वर करून बसावयाचे होते. परंतु ज्या ग्वाल्हेरात गवयाच्या मैफलीला सरदार पहाटेपर्यंत माना डोलवीत, तेथे सरदाराच्या मुलीला कलेपायी माहेर तोडावे लागावे, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

आम्हां गोमंतकीयांना तर यात नवल वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे याच अन्यायाची दुसरी बाजू होती. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई यांना गाण्याची मुभा होती, कारण त्या कलावंत घराण्यांत जन्मल्या. प्रतिष्ठेसाठी मात्र त्यांना अर्धे आयुष्य झगडावे लागले. जिच्या वाट्याला कला आली तिला मान नाही, आणि जिच्या वाट्याला मान आला तिला कला नाही, अशी ही वाटणी होती. पद्मभूषण पदवी केसरबाईंना 1969 मध्ये आणि मोगूबाईंना 1974 मध्ये मिळाली, तोवर दोघींच्या उमेदीची वर्षे मागे पडली होती.

माहेर दुरावले तरी वनमालाबाईंचे काम थांबले नाही. अत्रे पिक्चर्सच्या ‘पायाची दासी’त (हिंदीत ‘चरणों की दासी’) दुर्गा खोटे खाष्ट सासू आणि वनमाला सोशिक सून. दिग्दर्शक गजानन जागीरदार. 1942 मध्ये जागीरदारांच्याच दिग्दर्शनाखाली ‘वसंतसेना’. मृच्छकटिकातील त्या गणिकेची भूमिका सरदारकन्येने करावी, हा योगायोग त्या काळी पुष्कळांना झोंबला असेल! 1944 मध्ये शांतारामबापूंच्या राजकमलने ‘पर्बत पे अपना डेरा’ काढला, त्यातही नायिका वनमालाच. पुढील काही वर्षांतील चित्रपटांपैकी बरेचसे आज विस्मरणात गेले आहेत, आणि त्यांतील सगळेच स्मरणात राहण्याच्या योग्यतेचे होते असेही नाही.

मात्र 1953 साल आले आणि अत्र्यांनी ‘श्यामची आई’ हाती घेतला. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलेले ते पुस्तक. दापोलीजवळचे पालगड, कर्जात बुडालेले घर, तुळशीवृंदावन, आणि फाटक्या लुगड्यातही मुलाला सत्य शिकविणारी आई. आपणां किनाऱ्यावरच्या लोकांना या घराची ओळख करून द्यावी लागत नाही. ते आपल्याच वाडीतले वाटते. त्या आईसाठी अत्र्यांनी निवडले कोणाला, तर माळव्यात जन्मलेल्या, सरदाराच्या वाड्यात वाढलेल्या, रुखसाना आणि वसंतसेना साकारलेल्या स्त्रीला. निवड धाडसाची होती. चित्रपट पाहताना मात्र हे धाडस ध्यानातही येत नाही. वसंत देसाई हे आपल्या कुडाळ भागातले संगीतकार, त्यांच्या चाली. माधव वझे यांचा कोवळा, हट्टी श्याम. आणि त्याच्यासमोर वनमालाबाईंची आई. तिच्या रागात कर्कशपणा नाही आणि मायेत पाघळणे नाही. मुलाला शिक्षा करताना तिचाच जीव कासावीस होतो, हे त्या शब्दांपेक्षा थांबण्यातून दाखवितात. ज्या बाईला मर्यादेच्या नावाखाली घराबाहेर राहावे लागले, तिनेच मराठी घराला त्याच्या मर्यादशील आईचे रूप दिले. ज्या पिढीने तो बोलपट पाहिला, तिच्या डोळ्यांपुढे पुस्तक वाचतानाही वनमालाबाईंचाच चेहरा येत असे.

1954 साली राष्ट्रीय चित्रपट पारितोषिके प्रथमच दिली गेली. अखिल भारतीय सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक ‘श्यामची आई’ला मिळाले, ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र. पहिलेच सुवर्णपदक मराठीने आणले, याचा अभिमान आपण आजही सांगतो.

अशा यशानंतर दुसरी कोणी दहा भूमिका करारबद्ध केल्या असत्या. वनमालाबाई लवकरच चित्रसृष्टीतून दूर झाल्या. घरची ओढ होती, आणि अध्यात्माची त्याहून अधिक. मथुरा-वृंदावनाच्या परिसरात त्यांनी बराच काळ घालविला. वृंदावन ही स्वामी हरिदासांची भूमी, आणि हरिदास हे परंपरेने तानसेनाचे गुरू. तानसेनाची समाधी ग्वाल्हेरला. या दोन गावांना जोडणाऱ्या त्या गुरूच्या नावाने त्यांनी पुढे संगीत व कलाशिक्षणाचे कार्य केले. ज्या क्षेत्रात पाऊल ठेवले म्हणून त्या माहेराला मुकल्या, तेच क्षेत्र दुसऱ्यांच्या मुलींसाठी त्यांनी या मार्गाने मोकळे करून दिले. चित्रपटाचे वैभव त्यांनी सोडले. कलेला मात्र सोडचिठ्ठी दिली नाही. त्यांच्या निवृत्तीला पश्चात्ताप म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस ते मान्य नाही. पश्चात्ताप झालेली स्त्री मुलींना गाणे आणि कला शिकविण्याच्या खटाटोपात पडत नाही.

उत्तरायुष्य त्यांनी ग्वाल्हेरलाच काढले. ज्या शहराने एके काळी त्यांच्यापुढे दार लावून घेतले होते, तेथेच 24 मे 2007 रोजी, बाण्णव वर्षांच्या होऊन, त्यांनी देह ठेवला. ‘श्यामची आई’ 2023 मध्ये पुन्हा नव्याने पडद्यावर आला, आणि त्यालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. जुना कृष्णधवल चित्रपट ज्यांनी पाहिलेला नाही त्यांनी तोही अवश्य पाहावा. आणि आई पहिल्यांदा उंबरठ्यावर दिसते तेव्हा ती बाई कोणत्या वाड्यातून चालत तेथवर आली, हे आठवावे.