ग्वाल्हेरची विद्या रंगभूमीवर आणणारे रामकृष्णबुवा वझे

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी जुने शहर वसले आहे. तेथून गडावर चढणाऱ्या वाटेच्या तोंडाला आणि भोवतालच्या वस्तीला लोक किला गेट म्हणतात. दरवाजा ओलांडला की गुजरी महाल लागतो. राजा मानसिंह तोमराने तो आपल्या राणीसाठी बांधला आणि ध्रुपदाला मोठा राजाश्रय दिला तोही त्यानेच. किला गेटपासून थोड्याच अंतरावर, हजिरा भागात, महंमद घौस यांची भव्य कबर आहे आणि तिच्या शेजारी तानसेनाची लहानशी समाधी. त्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा खुलतो, अशी गवयांची जुनी श्रद्धा. शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली ते लष्कर किल्ल्याच्या दुसऱ्या अंगाला. मराठी बोलणारी घरे मुख्यतः तिथली. पण गाण्याचे तीर्थ म्हणून मान जुन्या ग्वाल्हेरचा.

गोव्यात देवळाच्या जत्रेत रात्रभर संगीत नाटक ऐकत बसणारा रसिक एखाद्या पदाला दाद देतो, तेव्हा त्या पदाची चाल किती लांबून चालत आली आहे हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. तिच्या अनेक वाटांपैकी एक या किल्ल्याच्या पायथ्यापासून निघते. त्या वाटेने विद्या आणणाऱ्यांत गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांचे नाव फार वरचे आहे.

बुवांचा जन्म १८७१ साली आपल्या शेजारच्या सावंतवाडी संस्थानात झाला. मूल वर्षाचेही झाले नव्हते तोच वडील वारले आणि आईने त्याला घेऊन कोल्हापूरजवळच्या कागलचा आश्रय घेतला. शाळेत मुलाचे मन रमेना. आईने हे ओळखले आणि पुस्तकाचा हट्ट सोडून त्याला गाण्याला लावले. त्या काळच्या एका निराधार विधवेने असा निर्णय घ्यावा, याचे मोल आपण कमी लेखू नये. गाणे हा तेव्हा ब्राह्मणाच्या मुलाने पोट भरण्याचा प्रतिष्ठित मार्ग नव्हता. बळवंतराव पोहरे आणि मालवणचे विठोबाअण्णा हडप हे त्याचे पहिले गुरू. गळ्याला स्वराची ओळख झाली ती त्यांच्याकडे.

बाराव्या वर्षी लग्न झाले. कमाई नाही, आणि पदरात बायको. यावरून एका मित्राने टोमणा मारला. तो असा जिव्हारी लागला की मुलाने घर सोडले. कागलहून पुणे त्याने पायी गाठले, पुढे मुंबई आणि मग इंदूर. इंदुरास तेव्हा पखवाजाचे महापंडित नानासाहेब पानसे आणि बीनकार बंदे अली खाँ यांच्यासारखे कलावंत होते. उज्जैन, काशी अशी फिरफिर करत अखेर तो ग्वाल्हेरला पोचला.

ग्वाल्हेरच्या ख्यालगायकीचा पाया नत्थन पीरबक्षांनी घातला आणि त्यांचे नातू हद्दू, हस्सू व नत्थू खाँ यांनी तिला शिंद्यांच्या दरबारात वैभव मिळवून दिले. मराठी मुले आली ती या कीर्तीने. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर वझेबुवांच्या आधी तेथून शिकून परतले होते आणि त्यांच्यामुळे हे गाणे दक्षिणेत रुजू लागले होते. वझे पोचले तेव्हा मात्र हद्दू-हस्सू काळाच्या पडद्याआड गेले होते. घराण्याचा मोठा ठेवा आता नत्थू खाँ यांचे दत्तक पुत्र निसार हुसेन खाँ यांच्याजवळ होता. १८८६ साली जयाजीराव शिंदे निवर्तले, त्यानंतर खाँसाहेबांचे दरबारातले स्थान गेले. पुढे त्यांना आसरा दिला तो शंकर पंडितांच्या मराठी घराने. मुसलमान उस्ताद ब्राह्मणाच्या घरी राहतो आहे आणि त्या घरातली मुले त्याच्याकडून ख्याल घेत आहेत, असे ते ग्वाल्हेर होते. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव पंडित याच वातावरणात वाढले.

या खाँसाहेबांकडून विद्या मिळवणे म्हणजे मात्र दिव्य होते. आजच्यासारखा तास नाही, अभ्यासक्रम नाही. शिष्याने आधी घरातली पडतील ती कामे करायची, उस्तादांची मर्जी सांभाळायची, आणि कधी लहर लागली तर जे कानी पडेल ते पदरात बांधून घ्यायचे. जेवणासाठी अन्नछत्र. ते ज्या दिवशी चुकले त्या दिवशी उपास. परगावच्या, ओळखीपाळखी नसलेल्या मुलाच्या वाट्याला या दिवसांत काय काय आले असेल याची कल्पना करवत नाही. पण उपाशी पोटी ऐकलेली चीज विसरता येत नाही. दुसऱ्यांदा ऐकायला मिळेल याची खात्री नसलेल्या कानाने जे पकडले ते कायमचे पकडले. वझेबुवांजवळ अप्रचलित रागांचा आणि दुर्मीळ बंदिशींचा जो अफाट साठा पुढे सर्वांना थक्क करून गेला, त्याचे मूळ या भटकंतीत आणि या अनिश्चित शिक्षणात आहे, असे मला वाटते.

ग्वाल्हेरची गायकी म्हणजे काय, हे नव्या श्रोत्यासाठी येथे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण पुढच्या कथेची किल्ली त्यात आहे. या घराण्यात बंदिश हीच रागाची मूर्ती मानतात. स्थायी आणि अंतरा सबंध, स्वच्छ म्हणायचा, शब्द गिळायचे नाहीत. लय फार रेंगाळणारी नाही. आलापातून बोलआलाप, त्यातून बोलतान, मग सरळ चढणारी-उतरणारी सपाट तान आणि जोरकस गमक, अशी गाण्याची चढण असते. ख्यालाबरोबर टप्पा, तराणा हेही गायकाने जाणले पाहिजे अशी अपेक्षा. एकाच स्वराभोवती तासभर घुटमळण्याचा तिचा स्वभाव नाही. थोड्या वेळात रागाचे पूर्ण रूप डोळ्यांसमोर उभे करण्याची कला तिच्यात आहे, आणि रंगभूमीला नेमके तेच हवे असते.

पुढे बुवांनी खूप प्रवास केला. नेपाळच्या दरबारात ते गायक म्हणून राहिले. दक्षिणेकडे परतल्यावर त्यांचे वास्तव्य बराच काळ बेळगावात होते. तेथून गोवा काही दूर नव्हता. डिचोलीजवळच्या लामगावला त्यांचे येणे-जाणे असे आणि त्या मुक्कामांत केरी गावच्या एका मुलीला त्यांची तालीम मिळाली. ही मुलगी म्हणजे केसरबाई केरकर. पुढे अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या म्हणून त्या जगप्रसिद्ध झाल्या आणि १९७७ साली अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानावरील तबकडीत त्यांचा स्वर गेला, हे गोमंतकीयांना सांगायला नको. पण घडणीच्या कोवळ्या वयात त्या गळ्यावर वझेबुवांचा हात फिरला होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

आता रंगभूमीकडे वळू. युरोपात ज्याला ऑपेरा म्हणतात त्याची सुरुवात सन १६०० च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये झाली. आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले. दोन्हींत नाट्य आणि गाणे एकजीव आहे, तरी घडण वेगळी आहे. ऑपेरात संगीतकार प्रत्येक स्वर लिहून ठेवतो आणि संवादही बहुधा गाऊनच म्हणतात. आपल्याकडे संवाद गद्यात असतात, कवीला आधी चाल मिळते, तो तिच्यावर शब्द बसवतो, आणि गायक नट त्या पदाचा विस्तार आपल्या बुद्धीने दर प्रयोगाला निराळा करतो. ऑपेरातही नायिका एखादे मोठे गीत म्हणते तेव्हा कथा थबकते आणि फक्त भावना उरते. आपल्याकडे प्रेक्षक वन्स मोअर देतात तेव्हा कथा थबकते आणि फक्त राग उरतो. ध्वनिक्षेपक नसताना वाद्यवृंदावरून मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची साधना ऑपेराच्या गायकाला करावी लागते; आपल्या नटांनाही तंबूतल्या शेवटच्या प्रेक्षकासाठी गळा तसाच कमवावा लागे. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्यातही दोन्हींचे नाते आहे, आणि ऑपेरा पहिल्यांदाच ऐकणाऱ्या मराठी रसिकाला ते आपल्या बालगंधर्वांच्या आठवणीने चटकन उमगेल. त्याने कथा आधी वाचून जावे आणि भाषेची फिकीर करू नये. शाकुंतल पाहायला येणाऱ्यालाही शकुंतलेचे पुढे काय होते हे ठाऊकच असे.

मैफलीच्या गवयांत नाटकातले गाणे हलके लेखण्याची रीत होती. वझेबुवांनी ती मानली नाही. त्यांनी उपास काढून मिळवलेल्या चिजा नाटकवाल्यांच्या हाती दिल्या. केशवराव भोसले यांनी १९०८ साली हुबळीत ललितकलादर्श मंडळी स्थापन केली आणि वझेबुवांचे शिष्यत्व पत्करले. कोल्हापूरच्या या तरुणाचा आवाज पल्लेदार आणि धारदार होता. त्याला हवी होती ती बंदिशीची शिस्त आणि तानेला दिशा. ती बुवांनी दिली. राक्षसी महत्त्वाकांक्षा, हाच मुलाचा बाप अशा नाटकांच्या चाली बुवांच्या. भास्करबुवा बखल्यांनी गंधर्व मंडळीच्या स्वयंवरला जे दिले त्याची थोरवी निर्विवाद आहे. पण बखल्यांच्या चाली लालित्याने भुरळ घालतात, तर वझेबुवांच्या चालींत एक आवेश आहे. त्या गाताना गायकाचा कस लागतो.

त्या आवेशाला खरा वारस मिळाला तो मंगेशीच्या दीनानाथांत. १९१८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह बलवंत संगीत मंडळी उभारली. बुवांचा गंडा बांधला, तरी दीनानाथ कोणाचीही नक्कल करणारे नव्हते. टप्प्यासारखी अचानक झेप घेणारी, मध्येच वळणारी त्यांची तान त्यांच्याच प्रतिभेची. तिला रागाचा भक्कम पाया मिळाला तो गुरूकडून. वीर वामनराव जोशी यांच्या रणदुंदुभीत (१९२७) दीनानाथांनी तेजस्विनीची भूमिका केली. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांनी लिहिलेले संन्यस्त खड्ग १९३१ साली बलवंतने रंगमंचावर आणले. दोन्ही नाटकांना चाली वझेबुवांच्या. पारतंत्र्याच्या विषादाने आणि स्वातंत्र्याच्या आकांक्षेने भरलेल्या पदांना त्यांनी रडका सूर लावला नाही. शब्दांवर स्वार होणारी ग्वाल्हेरची बोलतान त्या आशयाला शोभली. परकीय सत्तेखाली तेव्हा गोवाही होता. एका गोमंतकीयाच्या गळ्यातून ही पदे ऐकताना येथल्या श्रोत्यांना त्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल.

बुवांचा स्वतःचा आवाज गोड नव्हता. तो रुंद, काहीसा खरखरीत होता आणि गाताना त्यांचा सगळा भर लयीवर आणि पेचदार तानेवर असे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत, पण जेमतेम तीन मिनिटांच्या. खंबावती, तिलककामोद यांसारखे राग त्यांत ऐकू येतात. पहिल्या ऐकण्यात नवा श्रोता कदाचित दचकेल. दुसऱ्यांदा ऐकताना त्याला कळेल की तीन मिनिटांत राग पुरा मांडण्याची जी हातोटी आहे, तीच या गवयाने रंगभूमीला दिली.

विद्या लपवून ठेवणाऱ्यांच्या काळात वाढलेल्या या माणसाने उतारवयात संगीत कला प्रकाश हे पुस्तक सिद्ध केले, त्यात आपली जीवनकथा सांगितली आणि कष्टाने जमवलेल्या बंदिशी स्वरलिपीसह छापून टाकल्या. हे त्यांच्या घडणीच्या अगदी उलट होते. एकेका चिजेसाठी अन्नछत्राच्या रांगेत उभे राहिलेल्याने ती चीज कोणाही अनोळखी वाचकाच्या हाती द्यावी, यात केवढे औदार्य आहे! चिरंजीव शिवरामबुवा, धारवाडकडचे गुरुराव देशपांडे आणि नट भार्गवराम आचरेकर यांच्याकडून त्यांचे गाणे पुढे गेले.

रंगभूमीवरच्या शिष्यांच्या बाबतीत मात्र दैव निष्ठुर झाले. केशवराव भोसले १९२१ च्या ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेले. जुलैतच त्यांनी बालगंधर्वांबरोबर संयुक्त मानापमानचा तो अविस्मरणीय प्रयोग केला होता. त्यांच्यामागे ललितकलादर्श सांभाळणारे बापूराव पेंढारकर, तेही बुवांचेच शिष्य, १९३७ साली वारले. १९४२ च्या एप्रिलमध्ये पुण्यात दीनानाथांनी डोळे मिटले. आपल्या चाली ज्या गळ्यांसाठी बांधल्या ते तिन्ही गळे गेलेले पाहून बुवा मागे राहिले. ५ मे १९४५ रोजी पुण्यातच त्यांचे देहावसान झाले.