सदतिसावा फोटो

बँकेतल्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो फोटोंवर सह्या केल्या आणि शिक्के मारले. खाते उघडायला आलेला माणूस काउंटरपलीकडे उभा असे आणि त्याचा फोटो अर्जावर चिकटवलेला असे. समोरचा माणूस बोलका, मिश्कील, कधी वैतागलेला. अर्जावरचा मात्र ताठ मानेचा आणि घाबरलेला. दोघे एकच आहेत, अशी खात्री करून सही करणे हे माझे काम. खरे सांगायचे तर पुष्कळदा ते एक वाटत नसत.

हाच प्रकार मी घरीही करत होतो, हे फार उशिरा कळले. १९९४ साली आम्ही म्हैसूर-उटीला गेलो. खिशात मावेल असा छोटा कॅमेरा मी नुकताच घेतला होता. बरोबर अक्का होती, माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले. छत्तीस फोटोंचा रोल मी काटकसरीने वापरला. राजवाड्यासमोर अक्का, बागेत अक्का, तळ्याकाठी अक्का. दर वेळी तिला उन्हात उभी करायची, पदर सारखा करायला लावायचा आणि हसायला सांगायचे. काही वर्षांनी अक्का गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर छत्तीस फोटोंत अक्का कुठेच सापडेना. उन्हाने डोळे बारीक केलेली कुणी परकी बाई तेवढी दिसत होती.

त्याच दिवसांत वाचनालयात आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या छायाचित्रांचे पुस्तक हाती लागले. चुकले कुठे, ते त्याच्या आयुष्याने मला शिकवले.

ब्रेसाँ २२ ऑगस्ट १९०८ रोजी फ्रान्समध्ये, पॅरिसजवळच्या एका गावी जन्मला. घराणे दोऱ्याच्या कारखानदारांचे. पोराला मात्र चित्रकार व्हायचे होते. आंद्रे लोत या चित्रकाराकडे तो शिकला आणि चौकटीतल्या मांडणीचा ध्यास त्याला तिथेच लागला. पुढे आफ्रिकेत शिकारीवर गुजराण केली आणि तापाने मरता मरता वाचला. परतल्यावर मार्टिन मुंकाचीचे एक छायाचित्र त्याच्या पाहण्यात आले. लाटांत तीन मुले धावत शिरत आहेत, एवढेच त्यात होते. धावता क्षण असा धरून ठेवता येतो, हे पाहून त्याने कुंचला बाजूला ठेवला आणि १९३२ च्या सुमारास मार्सेयला लायका कॅमेरा घेतला.

१९२५ मध्ये जर्मनीत बाजारात आलेला लायका सिनेमाच्या फिल्मवर चाले. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि कॅमेरा कोटाच्या खिशात मावणारा. ब्रेसाँने त्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवली, म्हणजे कुणाचे लक्ष जायला नको. भिंग बहुधा एकच, ५० मिलिमीटरचे. त्यात दूरचे जवळ ओढण्याची सोय नसते. चेहरा हवा असेल, तर आपणच दोन पावले पुढे जावे लागते. फ्लॅश तो वापरत नसे. असेल त्या उजेडात, सावकाश पावलांनी, पण डोळा तयार ठेवून तो हिंडे.

दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनांच्या कैदेत पडला. दोनदा पळताना पकडला गेला. १९४३ मध्ये तिसऱ्या खेपेला निसटला. युद्धात पुरून ठेवलेला आपला कॅमेरा त्याने पुन्हा उकरून काढला! इकडे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो मेला असे समजून स्मृतिप्रदर्शनाची तयारी चालवली होती. १९४७ मध्ये ते प्रदर्शन भरले, तेव्हा हा स्वतः हजर होता.

याच काळात त्याने मोठमोठ्या माणसांची व्यक्तिचित्रे टिपली. चित्रकार मातिसच्या घरी तो तासन् तास कोपऱ्यात गप्प बसे. म्हाताऱ्याला त्याचा विसर पडला की हातात कबूतर धरलेला खरा मातिस दिसू लागे. शास्त्रज्ञ जोलिओ-क्युरी दांपत्याच्या बाबतीत उलटे झाले. दार उघडले, दोघे समोर दिसले, त्याने आधी फोटो घेतला आणि नमस्कार मागाहून केला. वाट पाहावी लागो वा घाई करावी लागो, चेहऱ्यावर मुखवटा चढलेला नसतो तेवढीच वेळ गाठायची.

१९४७ मध्येच तो भारतात आला. पत्नी रत्ना मोहिनी मूळची जावाची नर्तिका. मुंबईत परळच्या गिरणगावातले ज्योतिष्याचे दुकान त्याने टिपले आहे. ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी दिल्लीत तो गांधीजींना भेटला आणि न्यूयॉर्कच्या त्या प्रदर्शनाचे पुस्तक त्यांना दाखवले. तो निघाला आणि थोड्याच वेळात गोळ्या झाडल्या गेल्या. तो धावत परतला. बिर्ला भवनाच्या फाटकावर चढून नेहरू लोकांना ती बातमी सांगत होते. दिव्याच्या अपुऱ्या उजेडात त्याने तो फोटो घेतला. तो धूसर आहे, हललेला आहे. पण त्या रात्री सारा देशच हललेला होता, आणि नेहरूंचा तो चेहरा लख्ख फोटोत सापडला नसता.

सत्तरच्या दशकात त्याने छायाचित्रण जवळजवळ सोडले आणि पुन्हा चित्रे काढू लागला. ३ ऑगस्ट २००४ रोजी तो गेला. आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे टिपणाऱ्या या माणसाला स्वतःचा फोटो काढलेला मात्र आवडत नसे.

आता प्रवासात मी कुणाला उभे करत नाही. आपोआप पेटणारा फ्लॅश आधी बंद करतो. भर उन्हाऐवजी ओसरीची, खिडकीची, झाडाखालची जागा पाहतो. मागे विजेचा खांब, जाहिरातीची पाटी येत नाही ना, ते आधी बघून ठेवतो. मग माणूस चहात, गप्पांत, पिशवी आवरण्यात रमेपर्यंत थांबतो. अनोळखी असेल, तर आधी जरा बोलतो. हातांना काम असले की चेहरा मोकळा होतो.

ब्रेसाँचे पुस्तक परत केले त्या रात्री मी म्हैसूरचे पाकीट पुन्हा उघडले. छत्तीसच्या रोलमधून कधी कधी एक फोटो जास्त निघे. तो सदतिसावा फोटो माझ्या सात वर्षांच्या मुलाने बसमध्ये कॅमेरा हिसकून घेऊन काढला होता. कोपऱ्यात त्याचे बोट आले म्हणून मी तो वाया गेला असे धरून बाजूला टाकला होता. खिडकीशी बसलेली अक्का, मांडीवर शेंगांची टरफले, आणि ती हसत हसत कुणाला तरी काहीतरी सुनावते आहे. बहुधा मलाच.

तोच आता भिंतीवर आहे. बोटासकट.