सावली बांधणारे कानविंदे

शाळेची इमारत कुणी बांधली, हे आपण कधी विचारतो का? देणगीदाराचं नाव संगमरवरी पाटीवर असतं, वास्तुरचनाकाराचं क्वचितच. म्हणून आज अच्युत कानविंदे यांच्याविषयी सांगते.

त्यांचा जन्म १९१६ चा, कोकणातल्या आचऱ्याचा. दोन वर्षांचे असतानाच आई गेली. वडील चित्रकार. अच्युतराव मुंबईच्या जे. जे.मध्ये वास्तुकला शिकले. पुढे सरकारने त्यांना अमेरिकेत हार्वर्डला पाठवलं. तिथे वॉल्टर ग्रोपियस हे त्यांचे गुरू. नक्षी आणि थाटमाट नको, इमारत कशासाठी आहे ते पाहून ती बांधायची, ही त्यांची शिकवण. कानविंदे परतले तेव्हा देश नुकताच स्वतंत्र होत होता. प्रयोगशाळा हव्या होत्या, कॉलेजं हवी होती.

अहमदाबादच्या कापड गिरण्यांसाठी निघालेली 'अटिरा' ही संशोधन संस्था हे त्यांचं सुरुवातीचं काम. पुढे मात्र आपल्या ऊन-वाऱ्याचा विचार त्यांच्या कामात वाढत गेला. साठच्या दशकात उभी राहिलेली कानपूरची आयआयटी त्यांचीच. तिथले पहिले संचालक पु. का. केळकर हेही मराठीच. काँक्रीटचा सांगाडा, मधे विटांच्या भिंती आणि एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला छताखालची वाट! विद्यार्थ्याने उन्हात होरपळू नये, एवढा साधा विचार.

मैत्रिणींनो, मे महिन्यात चाळिशी ओलांडणाऱ्या आपल्या सोलापुरात सावलीचं मोल वेगळं सांगायला नको. त्या काळातल्या शाळांत आपल्याकडेही सिमेंटच्या जाळ्या, खोल व्हरांडे, खिडक्यांवर रुंद छज्जे दिसतात. आता या इमारती दुरुस्तीला आल्यात. महिला मंडळाच्या कामानिमित्त मी एका शाळेत जाते. तिथे जाळ्या बुजवून चकचकीत काचा बसवल्या. दिसायला छान, पण मार्चपासूनच वर्ग तापतो. वीज गेली की पोरी वहीने वारा घेत बसतात.

दुरुस्ती नकोच, असं माझं म्हणणं नाही. गच्ची गळते, पाणी आत मुरतं, सळ्या गंजून फुगतात आणि काँक्रीटच्या खपल्या पडतात. मुलांच्या डोक्यावर धोका कसा ठेवायचा? पण आधी गळती थांबवावी, सुटलेलं काँक्रीट काढून सळ्या साफ कराव्यात, मग नव्याने भरावं. जाळी मात्र जाळीच राहू द्यावी. अहमदाबादेत आयआयएमचं ग्रंथालय आहे, लुई कान या अमेरिकन वास्तुरचनाकाराने बांधलेलं. मुंबईच्या ब्रिंदा सोमाया यांनी त्याचं मूळ रूप जपून ते दुरुस्त केलं. २०१९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. एका बाईने हे करून दाखवलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

कानविंदे यांना १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली. २००२ मध्ये ते गेले. त्यांचं नाव आपल्या शाळेच्या पाटीवर नसेल, पण त्यांच्या पिढीने दिलेली सावली आपल्या मुलांच्या डोक्यावर आहे. पालकसभेत दुरुस्तीचा विषय निघाला, तर गप्प बसू नका. रंग कोणता द्यायचा हे नंतर ठरेल. वारा कुठून येणार, हे आधी विचारा.