विश्लेषण : महामंदीतही मधल्या आकाराच्या शहरात उंची बाजारपेठ कशी तगली? कॅन्सस सिटीचे जे. सी. निकोल्स कोण होते?

मंदी आली की मोठे दुकानदार सर्वात आधी नव्या शाखा थांबवतात. त्यांची यादी न्यू यॉर्क, शिकागोपासून सुरू होते आणि मधल्या आकाराच्या शहरांपर्यंत पोहोचण्याआधीच हात आखडता घेतला जातो. १९३०च्या दशकात अमेरिकेतील कॅन्सस सिटी हे असेच सुमारे चार लाख वस्तीचे शहर होते. तिथली कंट्री क्लब प्लाझा ही बाजारपेठ मात्र महामंदीतून तगून बाहेर पडली आणि पुढे देशभरातील बिल्डरांसाठी नमुना ठरली. ती उभारणाऱ्या जेसी क्लाइड निकोल्स यांनी भाडे, पार्किंग आणि दुकानांची निवड यांचे जे गणित मांडले, ते आजच्या मॉलमध्येही दिसते. त्याच गणितात एक अट अशी होती, की त्यांच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी शहराने त्यांचे नाव कारंज्यावरून उतरवले.

कोण होते निकोल्स?

जन्म २३ ऑगस्ट १८८० रोजी कॅन्सस राज्यातील ओलेथा या छोट्या गावात, शेतीशी संबंध असलेल्या कुटुंबात. कॅन्सस विद्यापीठात शिकत असताना १९०० च्या उन्हाळ्यात ते गुरे वाहणाऱ्या जहाजावर काम करत युरोपला पोहोचले आणि तिथली शहरे सायकलवरून पाहिली. तिथे शेकडो वर्षे जुन्या इमारती वापरात होत्या, चौक जिवंत होते. अमेरिकेत मात्र नवी वस्ती २०-२५ वर्षांत उतरणीला लागत असे. हा फरक त्यांच्या डोक्यात राहिला. १९०२ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी शिष्यवृत्तीवर हार्वर्डमध्ये एक वर्ष अर्थशास्त्राचा अभ्यास केला आणि परत येऊन ते घरबांधणीत उतरले.

इथे एक खुलासा आवश्यक. कॅन्सस सिटी नावाची दोन शहरे शेजारी-शेजारी आहेत. लहान शहर कॅन्सस राज्यात, तर मोठे मिसुरी राज्यात. निकोल्स यांनी सुरुवात लहान शहरातील कामगारांच्या घरांपासून केली. पण नाव कमावले ते मिसुरीतील मोठ्या शहराच्या दक्षिण टोकाला.

आधी ग्राहक, मग दुकान

दक्षिणेकडे त्यांनी आधी काही एकर जमीन घेतली आणि १९०८ पर्यंत सुमारे हजार एकरांचा ‘कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट’ आखला. वळणदार रस्ते, झाडी, पुतळे, छोटी कारंजी आणि रहिवाशांच्या संघटना. प्रत्येक प्लॉटच्या खरेदीखतात घर रस्त्यापासून किती आत हवे, किमान किती खर्चाचे हवे, जागेचा वापर कशासाठी करायचा याच्या अटी घातलेल्या होत्या. ठरावीक वर्षांनी या अटींचे आपोआप नूतनीकरण होई. त्या बदलायच्या असतील तर बहुसंख्य मालकांनी मुदत संपण्याच्या पाच वर्षे आधी तशी नोंद करणे आवश्यक होते. साहजिकच तसे क्वचितच घडे.

या अटींचा दुकानांशी थेट संबंध आहे. उंची दुकान उघडणाऱ्याला आजच्या गिऱ्हाइकाइतकीच काळजी दहा वर्षांनंतरच्या गिऱ्हाइकाची असते. आसपासची वस्ती घसरली तर दुकानावर केलेला खर्च बुडतो. निकोल्स यांच्याकडे हजारो संपन्न कुटुंबांची वस्ती होती आणि ती बदलणार नाही याची कागदोपत्री हमीही. दुकानदारांशी बोलताना हाच त्यांचा हुकमाचा पत्ता होता.

दलदलीत बाजार

ब्रश क्रीक या ओढ्याकाठची सखल, पाणथळ जमीन त्यांनी गाजावाजा न करता तुकड्या-तुकड्यांनी विकत घेतली आणि १९२२ मध्ये बाजारपेठेचा आराखडा जाहीर केला. वास्तुविशारद होते एडवर्ड ब्युलर डेल्क. स्पेनच्या सेव्हिल शहराची छाप असलेले मनोरे, लाल कौले, रंगीत फरशा आणि कमानी. १९२३ मध्ये पहिली दुकाने उघडली. शहराचा खरा बाजार तेव्हा कित्येक मैल उत्तरेला, डाऊनटाऊनमध्ये होता. श्रीमंत स्त्रियांची खरेदी तिथल्या पेटिकोट लेन या गल्लीत होत असे. त्यामुळे ओढ्याकाठच्या या प्रकल्पाला लोकांनी निकोल्स यांचा वेडेपणा असे नाव ठेवले.

निकोल्स यांचा भरवसा मोटारीवर होता. डाऊनटाऊनचे रस्ते घोडागाडी आणि ट्रामच्या काळातले. तिथे गाडी लावायला जागा मिळेना. प्लाझामध्ये रस्ते मुद्दाम रुंद ठेवले. दुकानांच्या मध्ये रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली, कमी उंचीच्या सजवलेल्या भिंतींआड मोफत पार्किंग दिले. इमारती बहुतेक एक-दोन मजल्यांच्या ठेवल्या. मजले वाढवले की गाड्या वाढतात आणि पार्किंग कोलमडते, हा साधा हिशेब त्यामागे होता. छपरावर पाट्या लावायला बंदी होती आणि पेट्रोल पंपदेखील स्पॅनिश वेशात होते. मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी आखलेले हे जगातील पहिले शॉपिंग सेंटर असल्याचे अनेकदा सांगितले जाते.

मात्र सुरुवातीचा प्लाझा आजच्या अर्थाने ‘लक्झरी’ नव्हता. किराणा, औषधे, फुले, केशकर्तन अशी रोजची दुकाने तिथे होती आणि त्यांच्या शेजारी निवडक महागडी दुकाने. १९२८ मध्ये तिथे चित्रपटगृहही आले. दर आठवड्याला भाजी घ्यायला येणारी बाई महिन्यातून एकदा टोपी किंवा दागिना घेईल, असा हा हिशेब होता.

महामंदीत काय झाले?

ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. घरांची विक्री मंदावली, म्हणजे निकोल्स यांच्या कंपनीचा मुख्य धंदाच थंडावला. शहराची लोकसंख्याही १९३० ते १९४० या दशकात जवळपास तेवढीच राहिली. नवे ग्राहक येणार नव्हते. आहेत तेच टिकवायचे होते. अशा वेळी त्यांची भाडेपद्धत उपयोगी पडली.

दुकानाचे भाडे विक्रीच्या टक्केवारीने आकारण्याच्या पद्धतीचे निकोल्स हे सुरुवातीच्या पुरस्कर्त्यांपैकी एक होते. उदाहरणच घ्यायचे तर, समजा एका दुकानाची महिन्याची विक्री १० हजार डॉलर आणि भाडे ६०० डॉलर, म्हणजे विक्रीच्या सहा टक्के. मंदीत विक्री पाच हजारांवर आली. भाडे स्थिर असेल तर तेच ६०० डॉलर आता विक्रीच्या १२ टक्के होतात आणि दुकानदार शटर ओढतो. भाडे टक्केवारीत ठरलेले असेल तर ते ३०० डॉलरवर येते. मालकाचे उत्पन्न निम्मे होते. पण दुकान चालू राहते आणि शेजारच्या दुकानाचे गिऱ्हाईकही टिकते. अशा करारांत साधारणपणे किमान भाड्याची अटही असते, त्यामुळे मालक अगदीच उघड्यावर पडत नाही.

महामंदीच्या वर्षांत ही पद्धत अमेरिकेत झपाट्याने पसरली. भारतातील मॉलमध्ये तिला ‘रेव्हेन्यू शेअर’ म्हणतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक ब्रँडनी मॉलमालकांकडे याच पद्धतीची मागणी केली होती.

टक्केवारीचा दुसरा परिणाम कमी चर्चिला जातो, पण तो अधिक महत्त्वाचा आहे. भाडे विक्रीवर अवलंबून असले की प्रत्येक दुकानाचा गल्ला ही मालकाचीही चिंता होते. कोणते दुकान कुठे असावे, एकाच प्रकारची किती असावीत, लोक कोणत्या बाजूने चालत येतील, हे सगळे मालकच ठरवू लागतो. दुकानदारांच्या संघटनेमार्फत प्लाझात सतत काही ना काही घडत राहिले. १९२५ च्या नाताळात एका इमारतीच्या दारावर दिव्यांची छोटीशी माळ लावली होती. १९३० च्या दशकात तिचा उत्सव झाला. १९३२ मध्ये, मंदी ऐन भरात असताना, गिऱ्हाइकांना खेचण्यासाठी रस्त्यावर चित्रप्रदर्शन भरवले गेले. हे प्लाझा आर्ट फेअर आजही सप्टेंबरमध्ये भरते. लोकांच्या खिशात पैसे नव्हते तरी पाय तिकडे वळत राहिले आणि हाती पैसा आला तेव्हा खरेदीची सवय मोडलेली नव्हती.

जवळच आणखी एक आकर्षण उभे राहत होते. वृत्तपत्रमालक विल्यम रॉकहिल नेल्सन यांच्या संपत्तीतून कलावस्तू विकत घेण्याची जबाबदारी असलेल्या विश्वस्तांमध्ये निकोल्स होते. मंदीत कलावस्तूंचे भाव पडले होते आणि विश्वस्तांकडे रोख पैसा होता. डिसेंबर १९३३ मध्ये प्लाझापासून जवळच नेल्सन कलादालन उघडले. मध्य-पश्चिमेतील एका शहरात इतका मोठा संग्रह असणे ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

श्रेय एकट्याचे होते का?

नाही. कॅन्सस सिटीत सार्वजनिक पैसाही मोठ्या प्रमाणात खेळत होता. १९३१ मध्ये मतदारांनी सुमारे चार कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांची दहा वर्षांची विकास योजना मंजूर केली. न्यायालयाची इमारत, सभागृह, सिटी हॉल अशी कामे त्यातून झाली आणि हजारो हातांना रोजगार मिळाला. शहराच्या राजकारणावर तेव्हा टॉम पेंडरगास्ट या पुढाऱ्याची पकड होती आणि सिमेंट काँक्रीट पुरवणारी कंपनीही त्याचीच. प्लाझाला खेटून वाहणाऱ्या ब्रश क्रीकचे पात्र याच काळात काँक्रीटने बांधून काढण्यात आले. निकोल्स यांच्या यशाच्या अनेक वर्णनांत हा भाग गाळला जातो, आणि ते सोयीचेही आहे. शहरात पगार वाटले जात नसते तर टक्केवारीचे भाडे कशाची टक्केवारी घेणार होते?

१९३६ मध्ये स्थापन झालेल्या अर्बन लँड इन्स्टिट्यूट या संस्थेच्या संस्थापकांत निकोल्स होते. तिच्यातर्फे १९४५ मध्ये त्यांनी शॉपिंग सेंटर बांधताना झालेल्या चुकांवर पुस्तिका लिहिली. पार्किंग, दुकानांची खोली, पाट्या असे बारीकसारीक तपशील त्यात आहेत. यशाच्या गप्पा मारणाऱ्या बिल्डरांमध्ये अशी पुस्तिका दुर्मीळच. १६ फेब्रुवारी १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

करारातील ती अट कोणती?

खरेदीखतांत घराच्या किमतीच्या अटीसोबत आणखी एक अट असे : ही जागा कृष्णवर्णीयांना विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. अशी अट घालणारे निकोल्स एकटे नव्हते. पण त्यांनी ती इतक्या मोठ्या प्रमाणावर वापरली आणि आपोआप नूतनीकरणाने इतकी पक्की केली, की देशभरातील बिल्डर त्यांच्याकडे पाहून शिकले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या संघीय गृहकर्ज विमा यंत्रणेनेही आपल्या नियमपुस्तिकेत अशा अटींची शिफारस केली. त्यामुळे कृष्णवर्णीय कुटुंबांना चांगल्या वस्तीत घर नाही, घर नाही म्हणून वाढत्या किमतीचा लाभ नाही, असे चक्र तयार झाले. कॅन्सस सिटीत ट्रूस्ट अॅव्हेन्यू ही वांशिक विभागणीची रेषा म्हणून आजही ओळखली जाते.

दुकानदारांना दिलेली हमी आणि ही अट एकाच कागदावर होत्या. वस्ती बदलणार नाही, याचा त्या काळातला अर्थ तिथे कोण राहू शकणार नाही हाही होता.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मिसुरीतीलच सेंट लुइस शहरातून आलेल्या खटल्यात, न्यायालये अशा अटींची अंमलबजावणी करू शकत नाहीत असा निर्णय दिला. १९६८ च्या कायद्याने घरविक्रीतील वांशिक भेदभावावर बंदी आली.

पुढे प्लाझाचे काय झाले?

मुलगा मिलर निकोल्स याच्या काळात रोजची दुकाने मागे पडली आणि महागड्या ब्रँडचा वाटा वाढला. १९६७ मध्ये सेव्हिलच्या गिराल्डा मनोऱ्याची छोटी प्रतिकृतीही उभी राहिली. १९९८ मध्ये निकोल्स यांची कंपनीच विकली गेली. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरची मोठी निदर्शने प्लाझाजवळच्या कारंज्यापाशी झाली. त्याच वर्षी जूनमध्ये शहराच्या उद्यान मंडळाने कारंजे आणि रस्ता या दोन्हींवरून निकोल्स यांचे नाव काढले. प्लाझाचे स्वतःचे दिवसही फिरले : २०१६ मध्ये सुमारे ६६ कोटी डॉलरला विकला गेलेला प्लाझा कर्ज थकल्यानंतर २०२४ मध्ये साधारण साडेसतरा कोटींना गेला. नवे मालक डॅलसचे आहेत. त्यांच्याकडे हायलंड पार्क व्हिलेज ही उंची बाजारपेठ आधीपासून आहे. ती १९३१ मध्ये, ऐन महामंदीत, प्लाझावरून प्रेरणा घेऊनच बांधली गेली होती.