मारिया थेरेसा : लेकीचें राज्य

इ. स. १७१३ च्या एप्रिल महिन्याच्या १९ तारखेस ऑस्ट्रियाचा अधिपति व पवित्र रोमन साम्राज्याचा बादशहा सहावा चार्लस यानें व्हिएन्ना येथील राजवाड्यांत आपल्या मंत्र्यांना एकत्र बोलावून वारसाहक्काविषयींचा एक जाहीरनामा ऐकविला. त्या वेळीं चार्लसला एकहि अपत्य नव्हतें. तरी त्यानें असें ठरवून टाकिलें कीं, आपल्या घराण्याचा सारा मुलूख यापुढें अविभक्त राहावा, तो पुत्रास मिळावा, आणि पुत्र नसल्यास कन्येस मिळावा. ह्या जाहीरनाम्यास इतिहासांत प्रॅग्मॅटिक सँक्शन असें नांव आहे. ज्या मुलीला त्याचा उपयोग व्हावयाचा होता, ती मारिया थेरेसा चार वर्षांनंतर, १३ मे १७१७ रोजीं, जन्मास आली.

एवढा खटाटोप कशासाठीं, हें समजण्यास त्या काळची वहिवाट समजली पाहिजे. युरोपांतील कित्येक राजघराण्यांत गादी पुरुषाकडेच जावी असा रिवाज असून त्याला सालिक कायद्याचा आधार दाखवीत असत. हा कायदा फ्रँक नांवाच्या जर्मन लोकांनीं सहाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास लिहून ठेविला होता. चमत्कार असा कीं, त्यांतील ज्या कलमावर पुढें एवढा डोलारा उभारण्यांत आला, तें कलम जमिनीच्या वारशाविषयीं आहे. सिंहासनाचें त्यांत नांवहि नाहीं. आठ-नऊ शतकांनंतर फ्रान्समधील कायदेपंडितांनीं तें जुन्या पोथींतून वर काढिलें व राजाच्या गादीस लागू केलें. गरज आधीं उत्पन्न व्हावी आणि पुरातन वचन मागाहून सांपडावें, हा प्रकार केवळ फ्रान्समध्येंच घडला असें नव्हे.

तथापि चार्लसनें स्त्रियांविषयींच्या न्यायबुद्धीनें ही रूढि मोडिली अशी कोणी समजूत करून घेऊं नये. त्याचा बाप लिओपोल्ड यानें १७०३ सालीं जोसेफ व चार्लस ह्या आपल्या दोघां पुत्रांकडून असा करार करवून घेतला होता कीं, दोघांच्याहि वंशांत पुरुष न उरल्यास थोरल्याच्या मुलींचा हक्क आधीं, व धाकट्याच्या मुलींचा नंतर. थोरला जोसेफ १७११ सालीं देवीच्या रोगानें वारला. त्याच्या मागें दोन मुली होत्या. चार्लसनें हा क्रम फिरविला व आपल्या पोटीं येणाऱ्या मुलींना पुतण्यांच्या पुढें नेऊन बसविलें. मुलीला राज्य द्यावें हा नियम चांगलाच. परंतु तो करणाऱ्यानें एका मुलीला देतांना दुसऱ्या दोघींचें काढून घेतलें, ही गोष्ट चरित्रकारांनीं लपवूं नये. पुढें ह्या दोन पुतण्यांचीं लग्नें सॅक्सनी व बव्हेरिया येथील राजपुत्रांशीं झालीं, तेव्हां त्यांच्याकडून हक्क सोडल्याचे लेख घेण्यांत आले. त्या लेखांची किंमत काय होती, तें लवकरच दिसून आलें.

चार्लसला १७१६ सालीं एक पुत्र झाला होता, पण तो सात महिन्यांचा होऊन वारला. नंतर झाल्या त्या सर्व मुलीच. बादशहानें मग उरलेलें बहुतेक आयुष्य आपल्या जाहीरनाम्यास परराष्ट्रांच्या संमति मिळविण्यांत घालविलें, आणि प्रत्येक संमतीबद्दल त्याला कांहींतरी मोजून द्यावें लागलें. इंग्लंडची संमति मिळाली ती ऑस्टेंड कंपनी मोडण्याच्या अटीवर. बादशहाची सनद असलेल्या ह्या व्यापारी कंपनीच्या वखारी आपल्या हिंदुस्थानांतहि, बंगालमध्यें बांकीबाजार येथें व मद्रासजवळ कोवलम येथें, होत्या. इंग्रज कंपनीला तिची स्पर्धा खुपत होती. १७३१ च्या तहानें ती कायमची बंद झाली. फ्रान्सच्या संमतीची किंमत तर प्रत्यक्ष जांवयानें दिली. मारिया थेरेसेचा विवाह १७३६ च्या फेब्रुवारींत लॉरेन प्रांताचा अधिपति फ्रान्सिस याच्याशीं झाला, आणि त्यासाठीं फ्रान्सिसला आपला वडिलोपार्जित लॉरेन प्रांत सोडून त्याच्या मोबदल्यांत इटलींतील टस्कनी घ्यावें लागलें. असल्या कागदांपेक्षां भरलेला खजिना व तयार फौज हींच खरी हमी होय, असा सल्ला वृद्ध सेनापति युजीन यानें बादशहाला दिल्याचें सांगतात.

सल्ला कोणींहि दिला असो, तो मानला गेला नाहीं. आणि त्याहून मोठी चूक अशी कीं, जिच्यासाठीं हें सारें चाललें होतें, त्या मुलीला राज्यकारभाराचें शिक्षण देण्यांत आलें नाहीं. तिला भाषा, इतिहास, संगीत व नृत्य हीं शिकविलीं. परंतु खजिना, सैन्य, परराष्ट्रव्यवहार यांचें ज्ञान तिला कोणीं करून दिलें नाहीं. आपणांस पुत्र होईल ही आशा बापानें अखेरपर्यंत सोडली नव्हती. हक्क दिला, पण तो चालविण्याची तयारी करून दिली नाहीं, असें मुलींच्या बाबतींत आजहि पुष्कळ घरांत घडतें.

२० ऑक्टोबर १७४० रोजीं चार्लस मरण पावला. मारिया थेरेसा तेव्हां तेवीस वर्षांची असून गरोदर होती. खजिना रिकामा, फौज विस्कळित, मंत्री बहुतेक सर्व वृद्ध व कचदिल. आठ आठवडे होतात न होतात तोंच, १६ डिसेंबर रोजीं, प्रशियाचा तरुण राजा दुसरा फ्रेडरिक सायलेशिया प्रांतांत सैन्यासह घुसला. त्याच्या बापानें प्रॅग्मॅटिक सँक्शनला संमति दिली होती. फ्रेडरिकचें म्हणणें असें कीं, सायलेशिया आम्हांस द्या, म्हणजे तुमच्या उरलेल्या हक्काचें आम्ही रक्षण करूं. यावरून उघड दिसतें कीं, स्त्रीनें राज्य करावें कीं न करावें हा त्याच्यापुढें प्रश्नच नव्हता. घरांत कर्ता पुरुष नाहीं असें पाहून शेजाऱ्यानें बांध सरकवावा, तसलाच हा प्रकार होता.

इतर हक्कदारांचा युक्तिवाद तर अधिकच मौजेचा होता. बव्हेरियाचा चार्लस आल्बर्ट म्हणे, हें राज्य माझें. कां? तर दोनशें वर्षांपूर्वींच्या फर्डिनंड राजाची मुलगी ॲना हिचा मी वंशज आहें. शिवाय जोसेफची धाकटी कन्या माझी पत्नी आहे. सॅक्सनीचा अधिपति जोसेफच्या थोरल्या कन्येचा पति. तोहि पत्नीच्या नात्यानें हक्क सांगूं लागला. म्हणजे स्त्रीला वारसा पोंचत नाहीं असें म्हणून जे उठले, त्यांचा स्वतःचा वारसा स्त्रीकडूनच आलेला! बव्हेरियाचा भर फर्डिनंडाच्या मृत्युपत्रावर होता. त्यांत राजाचे पुरुष वारस संपल्यास ॲनेच्या वंशाकडे राज्य जावें असें लिहिलें आहे, असें बव्हेरियाच्या वकिलानें प्रतिपादिलें. व्हिएन्नाच्या दफ्तरांतून मूळ मृत्युपत्र काढून त्याच्यापुढें ठेवण्यांत आलें. पाहतात तों त्यांत पुरुष वारस असा शब्द नसून औरस वारस असा शब्द होता! वकील निरुत्तर झाला. परंतु फौजा थांबल्या नाहींत. १७४१ च्या नोव्हेंबरांत बव्हेरियन व फ्रेंच सैन्यांनीं प्राग शहर घेतलें, आणि १७४२ च्या जानेवारींत चार्लस आल्बर्टची बादशहा म्हणून निवड झाली. तीनशें वर्षांत प्रथमच तें पद हॅप्सबर्ग घराण्याबाहेर गेलें.

ह्या संकटांत मारिया थेरेसा हंगेरीकडे वळली. जून १७४१ मध्यें प्रेसबर्ग येथें (आतां हें शहर ब्राटिस्लाव्हा या नांवानें स्लोव्हाकियाची राजधानी आहे) तिला राज्याभिषेक झाला. हंगेरीच्या परंपरेप्रमाणें तिला राणी म्हणून नव्हे, तर राजा म्हणून मुकुट घालण्यांत आला. नव्या राजानें घोड्यावरून टेकडी चढून जावें व चारी दिशांकडे तलवार फिरवून देशरक्षणाची प्रतिज्ञा करावी, असा तेथील विधि होता. पहिल्या पुत्राला जन्म देऊन तिला तीनच महिने झाले होते. तरी तिनें मुद्दाम घोडदौडीचा सराव करून तो विधि यथासांग पार पाडिला. सप्टेंबरच्या ११ तारखेस तिनें सरदारांना दरबारांत बोलावून लॅटिन भाषेंत साहाय्याची याचना केली, आणि त्यांनीं आपले प्राण व रक्त तिच्या पायीं वाहण्याची शपथ घेतली. ह्या प्रसंगाच्या चित्रांत तिच्या कडेवर तान्हें मूल दाखवितात, पण त्या दिवशीं तें मूल तेथें नव्हतें; तें दहा दिवसांनंतर आणण्यांत आलें. चित्र खोटें असलें तरी शपथ खरी होती. मात्र सरदारांनीं आपल्या करमाफीची व जुन्या हक्कांची पक्की कबुली आधीं करून घेतली होती, आणि कबूल केलेली सेना सगळी कांहीं आली नाहीं. तथापि एक प्रजा आपल्यामागें उभी आहे, हें युरोपास दिसलें, व तिथून वारें फिरलें.

लढाईचें वर्णन येथें करीत नाहीं. १७४८ च्या एला-शापेलच्या तहानें सायलेशिया फ्रेडरिककडेच राहिला, परंतु बाकीचें बहुतेक राज्य व तिचा वारसाहक्क सर्व राष्ट्रांनीं मान्य केला. तत्पूर्वीं १७४५ सालीं तिच्या पतीला बादशहापद मिळालें होतें. तें पद स्त्रीला कायद्यानें वर्ज्य होतें, म्हणून सर्व कारभार करणारी ती केवळ बादशहाची पत्नी या नात्यानें बादशाहीण म्हणविली गेली. पतीबरोबर ह्या नात्यानें मुकुट घालून घेण्यास मात्र तिनें साफ नकार दिला. हंगेरीचा व बोहेमियाचा मुकुट जिनें स्वतःच्या हक्कानें धारण केला, तिला दुसऱ्याच्या हक्कानें मिळणारा मुकुट नको वाटला असल्यास नवल नाहीं.

तिच्या चाळीस वर्षांच्या कारकीर्दींत झालेलीं कामें पाहिलीं म्हणजे वारसाचा प्रश्न तलवारीपेक्षां लेखणीनेंच अधिक सुटला असें म्हणावें लागतें. हाउग्विट्झ नांवाच्या मंत्र्याच्या साहाय्यानें तिनें सरदार व धर्माधिकारी यांच्या जमिनींवर कर बसविला व १,०८,००० शिपायांच्या कायम सैन्याची तरतूद केली. १७५१ सालीं व्हिएन्नाजवळ नॉयश्टाट येथें स्थापिलेली तिची सैनिकी शाळा आजहि चालू आहे. १७५४ सालीं तिनें शिरगणति करविली. १७६७ मध्यें स्वतः देवीच्या रोगांतून कशीबशी वांचल्यावर पुढच्याच वर्षीं आपल्या मुलांना तिनें टोंचून घेतलें. तेव्हां त्या उपायास लोक भीत असत. १७७६ सालीं कैद्यांचा छळ करून कबुलीजबाब घेण्याची चाल बंद झाली. विद्यार्थ्यांना विशेष सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे १७७४ चा शाळांचा कायदा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांनीं व मुलींनीं शाळेंत शिकावें असें त्यानें ठरविलें. ही योजना आंखणारा फेल्बिगर हा प्रशियाच्या ताब्यांतील सायलेशियांत राहणारा. त्याला पाठवा, अशी विनंति तिनें आपला प्रांत बळकावणाऱ्या त्याच फ्रेडरिकला केली. चाळीस वर्षांचा वैरी, पण शाळेसाठीं त्याच्यापुढें शब्द टाकण्यास तिला कमीपणा वाटला नाहीं.

ती सर्वगुणसंपन्न होती असें मात्र नव्हे. १७४४ च्या डिसेंबरांत ऐन हिंवाळ्यांत तिनें प्रागमधील यहुदी लोकांना हद्दपार करण्याचा हुकूम सोडला. ते १७४८ मध्यें परत येऊं शकले. आपल्या राज्यांतील कित्येक प्रॉटेस्टंट कुटुंबांना तिनें दूर ट्रान्सिल्व्हेनियांत पाठविलें. १७७२ सालीं पोलंडचे लचके तोडण्याचें ठरलें, तेव्हां तिला तें मनापासून आवडलें नव्हतें; पण वांटा तिनें घेतला. दुसऱ्यानें वारसा हिसकावला म्हणजे काय वाटतें, हें जिला सर्वांत अधिक ठाऊक, तिच्या हातून हें घडावें याचें वाईट वाटतें.

आणि मुलींविषयीं काय? तिला सोळा अपत्यें झालीं : अकरा मुली व पांच मुलगे. हयात राहिलेल्या कन्यांत वडील असलेली मारिया ॲना जोसेफहून अडीच वर्षांनीं मोठी होती. पण प्रॅग्मॅटिक सँक्शनप्रमाणें पुत्र असतां कन्येचा हक्क उभाच राहत नव्हता, आणि तो नियम बदलावा असें स्वतः आईच्याहि मनांत आलें नाहीं. एका मुलीला तिनें मनाजोगा वर करूं दिला. बाकीच्यांचीं लग्नें राजकारणाच्या पटावर ठरलीं. चौदा वर्षांची मारी आंत्वानेत १७७० सालीं फ्रान्सला धाडली गेली. तिचा शेवट वाचकांस ठाऊकच आहे. आईच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनीं तो झाला.

त्या वेळीं अर्धवट राहिलेली गोष्ट पुरी होण्यास दोनशें वर्षें लागलीं. मुलगा असो वा मुलगी, प्रथम जन्मेल त्याची गादी, असा कायदा स्वीडननें १९८० सालीं केला. नंतर नेदरलंड, नॉर्वे, बेल्जम यांनीं केला. ब्रिटननें १९ व्या किंवा २० व्या शतकांत नव्हे, तर २०१३ सालीं केला व तो २०१५ मध्यें अमलांत आला. जपानांत मात्र अद्याप पुरुषालाच गादी मिळते. जुनी परंपरा आहे, ती बदलूं नये, असें म्हणणारे सर्वत्र असतात. त्यांना इतकेंच विचारावेंसें वाटतें कीं, परंपरा खरोखर किती जुनी आहे तें दफ्तर उघडून पाहिलें आहे काय? ऑस्ट्रियाच्या गादीपुरता हा वाद १९१८ सालीं कायमचा मिटला, कारण गादीच उरली नाहीं.

१७६५ च्या ऑगस्टमध्यें पति वारल्यावर तिनें जन्मभर काळीं वस्त्रें वापरिलीं, व पुत्र जोसेफ याला सहकारी करून पंधरा वर्षें कारभार पाहिला. २९ नोव्हेंबर १७८० रोजीं, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षीं, ती व्हिएन्ना येथें वारली. कॅपुचिन मठाच्या तळघरांत पतीच्या शेजारीं, दोघांसाठीं करविलेल्या एकाच शवपेटींत, ती विसांवली आहे. तिच्या मुखवट्याचें चांदीचें नाणें अरबस्थानांत व हबसाणांत इतकें रूढ झालें होतें कीं, त्यावरील १७८० हा सन न बदलतां तें पुढेंहि पाडण्यांत येत असे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० व १९४१ सालीं, आपल्या मुंबईच्या टांकसाळींतहि तें पाडलें गेलें.