मरणाची नोटीस येण्यापूर्वी

अकिरा कुरोसावा यांच्या १९५२ सालच्या ‘इकिरू’ या जपानी चित्रपटाचा नायक नगरपालिकेच्या कचेरीतील एक विभागप्रमुख आहे. कागदांवर शिक्के मारण्यात तीस वर्षे घालविल्यानंतर पोटाचा कर्करोग त्याला जागे करतो आणि उरलेल्या काही महिन्यांत तो एका गलिच्छ डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग उभारतो. जगण्याचा अर्थ कळण्यासाठी मरणाची नोटीसच यावी लागते काय? या प्रश्नाचे उत्तर विदर्भातील एका निरक्षर माणसाने त्याआधी सत्तेचाळीस वर्षे देऊन ठेवले होते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजेच गाडगेबाबा. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. दापुरे येथे मामाकडे गुरे राखीत आणि शेत कसत ते वाढले. घाम गाळून पिकविलेली मामाची जमीन सावकाराच्या कागदांनी गिळलेली त्यांनी पाहिली आणि अज्ञानाची किंमत किती असते हे ते तेथेच शिकले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. कोणत्याही वैद्याने त्यांना मृत्यूची तारीख सांगितलेली नव्हती.

हाती खराटा, डोक्यावर फुटक्या गाडग्याचे खापर आणि अंगावर चिंध्या एवढाच त्यांचा संसार उरला. दिवसा गावाचे रस्ते झाडावयाचे आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला दारू, अस्पृश्यता, नवसाचा बोकड व कर्ज काढून केलेले लग्न यांबद्दल जाब विचारावयाचा, हा त्यांचा नेम होता. लोकांनी दिलेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतःसाठी मात्र त्यांनी झोपडीचीही हाव धरली नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांचे निधन झाले, तोवर हे काम एक्कावन्न वर्षे चालले होते. मुंबईत दादरला त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत आज कर्करोगाचेच रुग्ण आसरा घेतात.

या त्यागाची झळ घरच्यांनाही सोसावी लागली, हे विसरून चालणार नाही. मुकुटबनच्या शिक्षकाने वा ग्रामपंचायतीच्या कारकुनाने मुलेबाळे सोडून खराटा घेऊन निघावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तशी गरजही नाही. चित्रपटातील त्या अधिकाऱ्याने खुर्ची सोडली नव्हती. टेबलावर पडून राहिलेला एक अर्ज उचलून तो तडीस नेला होता, इतकेच. त्याच्या मृत्यूनंतर सहकाऱ्यांनी शोकसभेत शपथा घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा शिक्के मारू लागले. गाडगेबाबांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि २००५ साली अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. नाव असे सर्वत्र पोहोचले आहे. खराटा मात्र ज्याने त्याने स्वतःच उचलावयाचा आहे.