विश्लेषण : सीएनसी यंत्राच्या अक्षांमागचा देकार्त कोण होता?

तळवडे येथील वर्कशॉपमध्ये व्हीएमसीवर जॉब लावला की ऑपरेटर आधी शून्यबिंदू धरतो. मग टूल कुठे जायचे ते एक्स, वाय, झेड या अक्षांवरच्या आकड्यांनी यंत्राला कळते. या पद्धतीला ‘कार्टेशियन’ म्हणतात. कार्टेशियस हे रने देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याचे लॅटिन नाव. आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम बहुधा त्याच्यापासूनच सुरू होतो. विद्वानांच्या मेळाव्यांपासून तो आयुष्यभर चार हात दूर राहिला आणि अखेरीस एका विद्वत्सभेचे नियम लिहिण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडले.

ग्रंथ दडवून का ठेवला?

देकार्तचा जन्म ३१ मार्च १५९६ चा. जेझुइटांच्या शाळेत शिक्षण, मग कायद्याची पदवी, पुढे सैन्यात भरती. १६२८ च्या सुमारास तो नेदरलँड्समध्ये गेला आणि वीसेक वर्षे तिथेच घरे बदलत राहिला. १६३३ मध्ये पृथ्वी फिरते हे गृहीत धरणारा त्याचा ग्रंथ तयार होत आला असताना रोममध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याची बातमी आली. देकार्तने हस्तलिखित बाजूला ठेवले. ते छापले गेले त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ मध्ये. प्रोटेस्टंट देशात राहणाऱ्याला रोमच्या न्यायपीठाची एवढी धास्ती का, असा प्रश्न पडतो. पण आपले विचार चर्चच्या शाळांतून शिकवले जावेत ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. तिथली दारे त्याला बंद करून घ्यायची नव्हती.

मग १६३७ चे पुस्तक वेगळे कसे?

ते त्याने लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहिले, म्हणजे पंडितांपलीकडच्या वाचकांसाठी. लोकभाषेत लिहिण्याचे मोल तळवड्याच्या शेजारच्या देहूला वेगळे सांगायला नको. तुकोबा त्याचेच समकालीन. परंपरेने तुकोबांचे वैकुंठगमन शके १५७१ च्या फाल्गुनातले, देकार्तचा मृत्यू त्याच्या काही आठवडे आधीचा. या पुस्तकाला जोडलेल्या भूमितीच्या प्रबंधात आकृती समीकरणात मांडण्याची रीत आहे. आजचे काटकोनातले अक्ष तिथे जसेच्या तसे नाहीत आणि फर्मा हा गणितीही त्याच सुमारास तिथे पोहोचला होता. नाव मात्र देकार्तचे राहिले.

कागदावरची परिषद

१६४१ च्या ‘चिंतनां’त तो इंद्रिये, जग, गणित अशा सगळ्यावर शंका घेतो. शंका घेणारा मात्र आहेच, इथे त्याचे पाऊल टेकते. मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्ये, हा त्याचा निष्कर्ष. छपाईआधी पॅरिसच्या मेर्सेन या साधूने हस्तलिखित हॉब्ज, गासेंदी, आर्नो अशांकडे फिरवले आणि त्यांचे आक्षेप देकार्तच्या उत्तरांसह त्याच ग्रंथात छापले गेले. आज परिषदेच्या इतिवृत्तातही इतकी खडाजंगी क्वचितच सापडते.

पण नेमके बोट ठेवले ते १६४३ मध्ये, पत्रातून, २४ वर्षांच्या एलिझाबेथने. बोहेमियाच्या या निर्वासित राजकन्येचा प्रश्न साधा होता : मन जागाच व्यापत नसेल, तर ते हात हलवते कसे? देकार्तने दिलेल्या उत्तरांनी तिचे समाधान झाले नाही. तिने पिच्छा पुरवला आणि त्या पत्रव्यवहारातूनच मनोविकारांवरचा त्याचा १६४९ चा ग्रंथ उभा राहिला. मन-शरीराचा तो प्रश्न आजही मिटलेला नाही.

स्टॉकहोममध्ये काय घडले?

ऑक्टोबर १६४९ मध्ये स्वीडनची तरुण राणी ख्रिस्तिना हिच्या बोलावण्यावरून तो तिथे पोहोचला. उशिरापर्यंत अंथरुणात पडून विचार करण्याची लहानपणापासूनची सवय असलेल्या माणसाला कडाक्याच्या थंडीत पहाटे पाचला शिकवणीसाठी हजर राहावे लागे. राणीने एका विद्वत्सभेची नियमावलीही मागितली. देकार्तने लिहिले ते असे : बोलणाऱ्याला मध्येच तोडू नये, कोणाच्या मताची हेटाळणी करू नये, सत्य शोधावे, नुसता विरोध करू नये. परदेशी माणसाला सभासद करू नये, असेही एक कलम होते. म्हणजे त्याने स्वतःचीच सुटका करून घेतली.

हा मसुदा त्याने १ फेब्रुवारी १६५० ला राणीकडे दिला. लगेचच तो आजारी पडला आणि ११ फेब्रुवारीला, वयाच्या ५३ व्या वर्षी, फुप्फुसांच्या दाहाने गेला. रोमने १६६३ मध्ये त्याचे ग्रंथ निषिद्ध यादीत टाकले. १६६६ मध्ये अस्थी फ्रान्सला नेण्यात आल्या. त्या आता पॅरिसच्या सेंट जर्मेन चर्चमध्ये आहेत. त्याची मानली जाणारी कवटी मात्र त्याच शहरातल्या एका संग्रहालयात आहे.